गणपतराव खालच्या शिवाराकडून बोलले

मी कर्णा बोलतोय. लाऊडस्पीकरचा, पत्र्याचा, परातीएवढ्या तोंडाचा. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं मोठं करून सांगितलं. आज थोडं माझं ऐका.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यातला, पण मला वाचा फुटली कोल्हापुरात. ऐंशी सालाच्या सुमारास मंगळवार पेठेत केरबांनी दुकान काढलं आणि मला आणलं. कुस्तीच्या मैदानात मी पैलवानांची नावं पुकारली, लग्नात सनई वाजवली, जोतिबाच्या यात्रेत चुकलेल्या पोरांच्या आयांना हाका मारल्या. माणसं कानात बोटं घालायची आणि बसायची मात्र माझ्याच खाली!

केरबांची लेक मीनाक्षी तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. करत होती. तिला पुढं एम. ए. करायचं होतं. केरबांना ते पसंत नव्हतं.

"तत्त्वज्ञानानं भाकरी भाजती व्हय?" ते म्हणत. "आता बास. जूनपासनं टायपिंगला जायाचं."

त्याच उन्हाळ्यात कसबा बावड्याला सभा ठरली. नदीचं पाणी पंपानं उपसून शेतांना पाळीपाळीनं मिळायचं. पाळी वरच्या शिवारापासून सुरू व्हायची आणि खाली पोचेस्तोवर पंप बंद पडायचा. वरच्यांचे पुढारी गणपतराव, खालच्यांचे पिराजी. दोन्हीकडची माणसं काठ्या घेऊनच आली होती. केरबांचा गडी आजारी, म्हणून वायरी जोडायला मीनाक्षी आली. मला लिंबाच्या फांदीला बांधलं.

गणपतरावांनी माईक धरला, तोच पिराजींनी ओढला. माझ्यातून नुसती कर्कश शीळ निघाली. मागची माणसं काठ्या सावरत उठली.

"अवो, माईक मोडंल की!" केरबा ओरडले.

मीनाक्षीनं दोघांच्या हातांतून माईक काढून घेतला. तिचा आवाज थरथरत होता. मला तो जसाच्या तसा गावभर सांगावा लागला.

"काका, आमच्या वर्गात एक रीत हाय. पूर्वपक्ष म्हणत्यात. आपलं सांगायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपण मांडायचं. त्यो 'व्हय, हेच माझं म्हणणं' म्हणाला, की मग आपलं."

"म्हंजे मी पिराजीच्या बाजूनं बोलू?" गणपतराव भडकले.

"जमत नसंल तर ऱ्हाऊ द्या."

जमत नाही, हे गणपतरावांना कोण म्हणणार! त्यांनी माईक हिसकावला.

"माझं रान खाली हाय," ते गुरगुरले. "वरची पाणी पिऊन ढेकर देत्यात, मी कोरड्या पाटाकडं बघत बसतो. बायकू म्हणती, ऊस वाळला. पोरगं म्हणतंय, आबा, पाणी कवा?" आवाज हळूहळू उतरला. "रोज त्याला काय सांगायचं, सांगा की."

"व्हय," पिराजी म्हणाले. "हेच माझं म्हणणं."

"गणपतराव, आमच्याकडंच या की ऱ्हायाला!" खालच्या शिवारातली बायडाबाई ओरडली. सभा हसली. काठ्या खाली टेकल्या.

मग पिराजी वरच्यांकडून बोलले. पंपाचा पाईप आमच्या उभ्या पिकातनं खणून नेला, आमचं नुकसान कुणी बघितलं न्हाय, असं ते म्हणाले, तेव्हा गणपतराव मान डोलवत होते. दिवस मावळायच्या आत ठरलं: एक पाळी वरून, पुढची खालून.

घरी परतताना केरबांनी मला खांद्यावर घेतलं.

"त्या पूर्वपक्षाच्या फुडं काय शिकवत्यात?" त्यांनी विचारलं.

"लई हाय, आबा. एम. ए.ला."

"मग जा की. टायपिंग कुठं पळून जातंय!"

पुढं खोक्यासारखे नवे स्पीकर आले आणि माझं काम संपलं. केरबांनी मला लेकीच्या हवाली केलं. आज मी ती शिकवते त्या कॉलेजातल्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात कपाटावर असतो. पोचे पडलेत, आवाज गेलाय, पण ऐकायला झकास येतं. कालच एक मुलगी ताडकन उठली, "बाई, मला न्हाय पटलं!" मीनाक्षीबाईंनी खडू खाली ठेवला आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. "सांग, का?"

तेव्हा पावणं, कधी या बाजूनं जाताना आत आवाज चढलेला ऐकलात, तर दार लावून घेऊ नका. भांडण नाही ते. तास चालू आहे.