गुणाजीचं नाक

“काका, डांबरगोळ्यांचा वास गेला, कबूल. पण आता सुकटीचा येतोय!”

मीरा गायकवाडने स्वेटर नाकापासून हातभर लांब धरला होता. गुणाजी सावंत तो घ्यायला पुढे झाला. भांडुपच्या टेकडीवरच्या त्याच्या खोलीत गेली दहा वर्षं लोकरीचे कपडे वास काढायला येत होते. ओला कुबट वास म्हणू नका, धुराचा म्हणू नका, तो काढून द्यायचाच. आजवर एकही कपडा परत आला नव्हता.

“सुकटीचा? शक्यच नाही,” असं तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. शक्य कसं नव्हतं? दुपारीच त्याने तव्यावर मूठभर सुकट भाजून पेजेबरोबर खाल्ली होती. तेव्हा स्वेटर चार पावलांवर, खाटेला ताणून बांधलेल्या मच्छरदाणीवर वाळत पडला होता.

घरात लोकर असेल त्या दिवशी चुलीवर मासळी चढायची नाही, हा त्याच्या बायकोचा, नलिनीचा कायदा. पण नलिनी भाचीच्या बाळंतपणाला कुडाळला गेली होती, आणि कायदा पाळणारी गावी गेली की कायदाही गावी जातो. शिवाय गुणाजीला त्या सुकटीचा वास आलाच नव्हता. त्याला कसलाच वास येत नव्हता. चार वर्षांपूर्वीच्या तापात नाक गेलं ते गेलंच. उमेदीची वर्षं लोकरीच्या कारखान्यात, धुलाई खात्यात काढलेला माणूस! नुसत्या वासावरून लोकर कुठल्या गोदामातून आली ते सांगायचा. त्याचंच नाक गेलंय हे लोकांना कळलं तर कोण येणार होतं जिना चढून? म्हणून नलिनी आत वास घेऊन मान हलवायची, आणि बाहेर गुणाजी कपडा नाकाला लावून, डोळे मिटून म्हणायचा, “झकास!” आजही तो तसाच म्हणाला होता.

“उद्या पहाटे गाडी आहे ना हो माझी, बोधगयेची,” मीरा म्हणाली. “आईने विणलेला एकच तर स्वेटर आहे. मी तिथे वंदनेला बसणार, आणि माझ्यामागे मांजरांची रांग!”

“एक मिनिट हां, ताई.” गुणाजी गॅलरीत गेला आणि त्याने कुडाळला फोन लावला.

“अगो, वाट लागली. सुकट भाजलंय मी, आणि तिका कळला. आता काय सांगू?”

पलीकडे नलिनी आधी पोटभर हसली. मग म्हणाली, “खरा काय ता सांगा. नाक माझा, पण तोंड तर तुमचा हा ना?”

गुणाजी आत आला. मान खाली घालून त्याने सगळं सांगून टाकलं, ताप, नलिनी, डोळे मिटण्याचं नाटक. त्याला लाज वाटत होती.

मीराने पर्स खाली ठेवली. “बरं. पण वास काढता येतो ना अजून?”

“तो हाताचा धंदा आहे ताई, नाकाचा नाही.” त्याने स्वेटरची वीण दोन बोटांत धरून पाहिली. “हा वरवरचा धूर आहे. पुन्हा भिजवला तर सकाळपर्यंत वाळायचा नाही. व्हिनेगरच्या पाण्यात फडकं पिळून टिपू, आणि पंख्याखाली घालू. फक्त गेला की नाही, ते तुम्ही सांगायचं.”

“मग चहा ठेवा. बसते मी.”

गुणाजीने खिडक्या सताड उघडल्या, तवा गॅलरीत नेऊन घासला, आणि कपडा न चोळता, न ताणता, वितीवितीने टिपत गेला. दर पंधरा मिनिटांनी मीरा उठून वाकायची. “आहे अजून.” मग, “कॉलरला आहे.” मग नुसतंच नाक मुरडणं. चहा दोनदा झाला. गुणाजीने कारखान्यातले किस्से सांगितले, मीराने तिच्या शाळेतल्या बाईंच्या नकला केल्या. इतक्या दिवसांत तो गिऱ्हाइकासमोर असा मोकळा हसला नव्हता.

सहाच्या सुमारास मीराने अख्खं तोंड स्वेटरमध्ये खुपसलं. निकाल ऐकायला उभं राहिल्यासारखा गुणाजी हात मागे बांधून उभा.

“काही म्हणजे काहीच येत नाही, काका!”

“मलाही,” गुणाजी म्हणाला, आणि दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

ती जिना उतरत असतानाच नेहमीची गिऱ्हाईक वनमाला खोत जुन्या लोकरीच्या गुंड्यांची पिशवी घेऊन वर आली. गुणाजीने तिच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.

“बसा, वहिनी. आधीच सांगून ठेवतो, मला वास येत नाही. तेवढं तुम्ही बघायचं. बाकीचं मी बघतो.”