लव्हाळ्याचं नाव

"तूच वाच गा अंकित. मी बाजूला बसून फोटो सरकवते," असं म्हणत खुशीनं आपला शोधनिबंध त्याच्या हातात कोंबला आणि ती सभागृहाबाहेर सटकली.

तीन वर्षं कुही गावच्या धानाच्या बांध्यांत गुडघाभर चिखल तुडवून तिनं तणांचा अभ्यास केला होता. काम सोळा आणे तिचं. पण एम.एस्सी.च्या पहिल्याच तासाला तिनं लव्हाळ्याचं लॅटिन नाव, सायपरस, 'किपेरस' असं वाचलं होतं आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला होता, अंकित सगळ्यांत मोठ्यानं. तेव्हापासून कॉलेजात तिचं नावच किपेरस पडलं. आज तर परिषदेला परदेशातले पाहुणे आलेले. त्यांच्यापुढे शोभा कोण करून घेणार?

बाहेर पाहुण्यांचा नाश्ता उरकत आला होता. तर्री-पोह्यांनी नाक लाल झालेल्या इटलीच्या म्हाताऱ्या बाई गळक्या नळापाशी वाकून गवत न्याहाळत होत्या.

"चिपेरुस!" त्या आनंदानं ओरडल्या.

"त्सिपेरुस, त्सिपेरुस," शेजारच्या जर्मन प्राध्यापकांनी मान डोलावली.

खुशी थबकली. दोघांचे उच्चार जुळत नव्हते, आणि दोघांनाही त्याचं काडीचं सोयरसुतक नव्हतं! त्यांचे डोळे फक्त त्या लव्हाळ्याच्या तुऱ्यावर.

बाईंनी तिला हाताला धरून जवळ ओढलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुमच्या गावात याला काय म्हणतात?"

"लव्हाळा."

"लवाला."

"लव्हा...ळा."

बाईंनी खुशीची जीभ कुठे टेकते ते चक्क वाकून पाहिलं. पुन्हा म्हणून बघितलं, पुन्हा फसल्या, खळखळून हसल्या. आजूबाजूला माणसं जमली तरी थांबेनात. सत्तरी उलटलेली, जगभर मान असलेली बाई आणि शरमेचं नाव नाही! काय बाई आहे ही, खुशीला वाटलं. शेवटी ल आणि ड यांच्या मधलं काहीतरी जमलं, तशा त्यांनी टाळ्या वाजवल्या. लव्हाळ्याला इतक्या मायेनं हाक मारणारं माणूस खुशीनं अजून पाहिलं नव्हतं. बांधीत तर तो दिसला की उपटूनच फेकायचा.

आत तिच्या नावाचा पुकारा झाला. अंकित उठला, तोच तिनं त्याला गाठलं.

"दे तो कागद."

"काहून वं? ऐन वेळी? फसशील ना."

"फसली तं फसली. दे मले."

ती माइकपुढे उभी राहिली. पडद्यावर लव्हाळा आला आणि मागच्या रांगेत कुणीतरी आधीच खुदकन हसलं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिनं घसा खाकरला.

"किपेरस," ती ठासून म्हणाली.

पहिल्या रांगेत बाईंनी चष्मा चढवला, पेनाचं टोपण काढलं आणि लिहून घ्यायला सुरुवात केली. फोटो सरकवायला अंकित बसला होता.