दर्पणमहाराजांना दिसलेला बुडालेला माणूस

शिराळ्याबाहेरच्या एका मंगल कार्यालयात दर गुरुवारी सकाळी दोन-तीनशे माणसं हात जोडून बसत. समोर दर्पणमहाराज. आरशावर फुंकर मारायची आणि समोरच्याचं गाव, दुःख, हरवलेलं माणूस, सगळं सांगायचं. अट एकच, आदल्या दिवशी नाव आणि मोबाइल नंबर नोंदवायचा. त्रिकालज्ञानी माणसाला मोबाइल नंबर कशाला लागतो, हे कुणालाच खटकत नव्हतं.

एका गुरुवारी तिथं बाळाबाई गेल्या. त्यांचा मुलगा राजरत्न सहा वर्षांपूर्वी वडिलांशी भांडून घर सोडून गेला होता. पुढं वडील वारले, तरी त्याचा पत्ता नव्हता. महाराजांनी फुंकर मारली.

"डाव्या भुवईवर खूण. निळा शर्ट. वेल्डिंगचं काम. बाई, पोरगा जिवंत हाय, पण दक्षिणेत एका गुहेत बांधलाय. नऊ अमावास्या पूजा कर. तवर कुणी शोधाशोध केली, तर त्याचा जीव जाईल!"

बाळाबाई रडत घरी आल्या आणि पोलिसांतली तक्रार मागं घ्यायला निघाल्या.

त्यांची पुतणी प्रियंका सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझी जुनी विद्यार्थिनी, म्हणून हे सगळं मला ठाऊक.

ती म्हणाली, "काकी, भुवई, शर्ट, वेल्डिंग हे सगळं मीच तवा फेसबुकवर टाकलं होतं. खाली तुमचा नंबर होता. नंबर शोधला की तेच पुढं येतं."

"आन् गुहा?"

"गुहा तेवढी म्हाराजांची."

"गप गं. त्यांच्याकडं साधा फोनबी न्हाई."

प्रियंकानं वाद घातला नाही. तिनं नवा नंबर घेतला, 'सुनंदा' नावाचं खातं उघडलं आणि लिहिलं, 'माझा भाऊ कोयनेच्या पाण्यात बुडाला.' फोटो लावला तो कॉलेजचे शिपाई हंबीरराव यांचा, त्यांना विचारून. खाली नंबर. मग शोधल्यावर ते दिसू लागेपर्यंत थांबली.

मग एका बुधवारी सुनंदा म्हणून नाव-नंबर नोंदवला आणि गुरुवारी काकींना आणि हंबीररावांना घेऊन गेली. सुनंदाचं नाव पुकारल्यावर प्रियंका पुढं झाली. महाराजांचा हात फेट्याखाली, कानाशी गेला.

"पाणी... लय पाणी! कोयनेचं! भाऊ गेला तुजा. झुपकेदार मिशी, गालावर तीळ. त्याचा आत्मा तहानलाय, पोरी!"

धरणात बुडालेला तहानलेला कसा, हे विचारण्याआधीच गर्दीनं हळहळून घेतलं. तेवढ्यात मागून हंबीरराव उठले.

"आवं म्हाराज, त्यो मीच. हात लावून बघा, कोरडा हाय."

सभागृहात हशा पिकला. "ही माया!" महाराज ओरडले. पण कुणीतरी नवरीच्या खोलीचं दार ढकललं. आत महाराजांचा भाचा जयराज लॅपटॉप आणि माइक घेऊन बसलेला. शेजारी नावांची यादी. पडद्यावर प्रियंकाचा नवा नंबर आणि त्याखाली हंबीररावांचा फोटो. दिव्यदृष्टी ती एवढीच. महाराज मागच्या दारानं गाडीत बसले, आरसा तिथंच राहिला.

बाळाबाई मात्र हसल्या नाहीत. "गुहाबी न्हाई, मग माजं पोरगं कुठं गं?"

प्रियंका संगणकापुढं बसली. आधी तिनं फक्त मराठीत शोधलं होतं. आता नाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलं, नेमकं तेच सापडावं म्हणून अवतरणचिन्हांत घातलं, जोडीला कधी गाव, कधी 'वेल्डर'. नको ते शेकडो राजरत्न निघाले. चौथ्या दिवशी बेळ्ळारीकडच्या एका कारखान्याच्या रक्तदान शिबिराचा फोटो सापडला, खालच्या नावांत एक राजरत्न होता. रांगेतल्या तिसऱ्याच्या डाव्या भुवईवर खूण होती.

तिनं पत्ता काढून कुणाला धाडलं नाही. शिबिरवाल्यांना एवढंच कळवलं, 'त्याला विचारा, आईशी बोलायचं आहे का?'

तिसऱ्या दिवशी बाळाबाईंचा फोन वाजला, पलीकडं राजरत्न होता. वडील गेल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. बराच वेळ दोघंही रडली. मग बाळाबाई म्हणाल्या, "ये म्हणत न्हाई रं. बोलत जा फकस्त."

यात चमत्कार काहीच नाही. प्रियंका हे सगळं समोर बसवून दाखवते, तुम्हालाही जमेल. महाराज कधी दाखवत नाहीत. तेव्हा उद्या कुणी तुमच्या मनातलं ओळखलं, तर पाय धरण्याआधी सरळ विचारा, "हे तुम्हाला कुठून कळलं?" ज्याला खरंच ठाऊक असतं, तो या प्रश्नाला घाबरत नाही.