बाजूची खिडकी

आपल्याला कुणी पुस्तक लिहायला बसवेल असं ड्रायव्हरला स्वप्नातही वाटलं नव्हतं. शाळेत निबंध म्हटलं की त्याच्या पोटात दुखायला लागायचं, आणि पुढे उभ्या आयुष्यात त्याने लिहिलं ते ड्यूटी संपताना गाडीच्या कागदावर, 'ब्रेक ठीक, डावा आरसा सैल' एवढंच. पण भिंगरीच्या शाळेतल्या बाईंनी त्याला लेखक करून सोडलं.

भिंगरी म्हणजे त्याची मुलगी. लहानपणी आनंद झाला की जागच्या जागी गोल फिरायची, म्हणून आत्याने हे नाव ठेवलं. नाव असं असलं तरी पोरगी चपळ नव्हती. इतरांना जे एकदा सांगून कळतं, ते तिला कळायला वेळ लागायचा. एकदा कळलं की मात्र काळ्या दगडावरची रेघ. नव्या गोष्टीची तिला भयंकर धास्ती. अनोळखी खोलीत पाऊल ठेवायचं म्हटलं तरी ती दाराची चौकट धरून बसायची.

त्यावर बाईंचा उपाय साधा होता. जे घडणार आहे ते आधी पुस्तकात घडू द्या, असं त्या सांगत. दात काढायचा आहे ना, मग दवाखान्याच्या दारापासून त्या उंच खुर्चीपर्यंत सगळ्याचे फोटो काढा, वहीत चिकटवा, खाली एकेक वाक्य लिहा, रोज वाचून दाखवा आणि मग तिला तिथे न्या. ड्रायव्हरने हे आधी हसण्यावारी नेलं होतं. पण दाताच्या दिवशी डॉक्टर दिवा लावायला विसरले, तेव्हा हिनेच त्यांना आठवण करून दिली, आणि तोंड उघडून शहाण्यासारखी बसली. त्या दिवशी तो बाईंपुढे सपशेल शरण गेला.

एकाच गोष्टीचं पुस्तक कुणाला आधी करता आलं नव्हतं. तिची आई गेली ती सकाळी बोलता बोलता. त्यानंतर कितीतरी दिवस पोरीने उंबरा ओलांडला नाही. तेव्हापासून ड्रायव्हर पुस्तकांच्या बाबतीत हयगय करत नसे, कितीही दमलेला असला तरी. आणि दमलेला तो कायमच असायचा. पहाटेची ड्यूटी, माणसं कमी, त्यात कुणी आजारी पडलं की त्याची फेरीही याच्याच गळ्यात. कंबर तर कधीच कामातून गेली होती.

आता नवं संकट उभं होतं. घराजवळच्या छोट्या शाळेत बसायचं तिचं वय संपलं होतं. मोठी शाळा होती गावाच्या दुसऱ्या टोकाला, थेट बस होती, पण त्या वेळी ड्रायव्हर स्वतः दुसऱ्याच रस्त्यावर गाडी हाकत असायचा. घरात होती ती त्याची मोठी बहीण, म्हणजे भिंगरीची आत्या. तिचे गुडघे असे की बसची पायरी म्हणजे तिला डोंगर. ती पोरीला खालच्या स्टॉपवर बसमध्ये बसवून देईल, पलीकडच्या स्टॉपवर शाळेची मावशी उभी राहील, पण मधला रस्ता भिंगरीने एकटीने पार करायचा आणि आपल्या स्टॉपवर आपणहून उतरायचं. ते जमणार नसेल तर शाळेचं वसतिगृह आहे, असं मोठ्या शाळेने गोड शब्दांत सांगितलं होतं. आठवड्यातून एकदा घरी.

ड्रायव्हरला वसतिगृह नको होतं. रात्री आत्याच्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय जिला झोप येत नाही, ती तिथे कुणाचं काय धरणार होती? म्हणून त्याने ठरवलं की या वेळचं पुस्तक असं करायचं की बाईंनीही तोंडात बोट घालावं. हा रस्ता त्याच्या हक्काचा होता. पूर्वी वर्षानुवर्षं त्याने इथेच गाडी चालवली होती. सुट्टीच्या दिवशी तो मिशा नावाच्या आपल्या दोस्ताच्या गाडीत त्याच्याजवळ पुढे उभा राहिला आणि त्याने मोबाइलवर सगळा रस्ता टिपला. लांबवर दिसणारी पाण्याची टाकी, मग जवळ आलेली टाकी, कपाळावर उंचीचा आकडा मिरवणारा पूल, रस्ता दुभागतो ती जागा. एक अख्खं पान तर गतिरोधकाला दिलं होतं, कारण तो दिसत नाही आणि अंगावर येतो. बाईंनी पुस्तक चाळून शाबासकी दिली. मिशा म्हणाला, हे वाचून मी डोळे मिटून गाडी नेईन.

रोज जेवणं झाली की वाचन सुरू व्हायचं. 'मी बसमध्ये बसते. समोर पाण्याची टाकी दिसते.' तिसऱ्या-चौथ्या पानावर ड्रायव्हरची मान छातीवर पडायची. एकदा तो टाकीवरून थेट 'पुढे सरका, दार मोकळं ठेवा' वर गेला आणि आत्या हसून हसून खोकायला लागली. भिंगरी आधी त्याला कोपराने ढोसायची. पुढे पुढे तिने तेही सोडलं. तो घोरायला लागला की त्याच्या हाताखालून वही हळूच ओढायची, पान उलटायची आणि पुढचं स्वतःच मोठ्याने वाचायची, शेवटच्या पानावरच्या शाळेच्या फाटकापर्यंत. मग वही मिटून त्याच्या मांडीवर ठेवायची. पुस्तक तिला तोंडपाठ झालं.

त्यामुळे पहिल्यांदा खऱ्या बसने जायच्या दिवशी ड्रायव्हर निर्धास्त होता. तिला खिडकीशी बसवून तो शेजारी बसला. तिने मांडीवर वही उघडली, खिडकीबाहेर पाहिलं, वहीत पाहिलं, परत बाहेर. बस निघाली तशी ती पानं भराभर उलटायला लागली, पुढे, मागे, परत पुढे. मग ती एकदम उठली आणि बसच्या पुढच्या बाजूला जायला निघाली. ड्रायव्हरने तिचा दंड धरून खाली बसवलं. चालत्या गाडीत उठायचं नाही, हा नियम तो जन्मभर लोकांना शिकवत आला होता.

"ही ती बस नाही," ती म्हणाली.

हीच आहे गं, नंबर बघ, असं त्याने समजावलं. पण ती सीटवरून सरकून खाली बसली, दोन्ही हात कानांवर ठेवले आणि एकच वाक्य घोकत राहिली. ही ती नाही, ही ती नाही. लोक माना वळवून बघायला लागले. एका बाईने सल्ला दिला, एकाने चुकचुकून घेतलं. ड्रायव्हर तिला उचलून पुढच्याच स्टॉपवर उतरला आणि दोघं उन्हातून चालत घरी आली. त्याला तिचा राग आला होता, आणि राग आल्याची लाजही वाटत होती. पुढच्या सुट्टीला पुन्हा तेच झालं. या खेपेला तर ती बसचं दार उघडताच रडायला लागली.

त्याने हात टेकले. आत्याला म्हणाला, पाठवू वसतिगृहात. आत्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तुझी मुलगी आहे, तू ठरव, एवढंच ती बोलली आणि एकाच टॉवेलची तिने दोनदा घडी घातली. बाईंच्या नियमाप्रमाणे वसतिगृहाचंही पुस्तक करणं आलं. तो जाऊन फोटो काढून आला. ओळीने मांडलेल्या खाटा, ओळीने टांगलेले टॉवेल, खिडकीला जाळी. संध्याकाळी त्याने ते वाचायला घेतलं. भिंगरीने निमूटपणे सगळं ऐकलं आणि शेवटचं पान उलटून मागे काही आहे का ते पाहिलं.

"यात आत्या कुठल्या पानावर आहे? आणि तू?"

त्या रात्री वाचता वाचता तो झोपला नाही.

दोन दिवसांनी त्याला लागोपाठ दोन ड्यूट्या पडल्या. दुपार उलटून गेल्यावर तो घरी निघाला, तेव्हा अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. एरवी घरी जाताना तो पुढे, चालवणाऱ्याशी गप्पा मारत उभा राहायचा. ड्रायव्हर लोकांची ती खोडच असते, दुसऱ्याच्या गाडीतही नजर रस्त्यावरून हलत नाही. पण आज चालवणारा कुणी नवखा होता आणि मागे खिडकीजवळची जागा रिकामी होती. तो तिथे कोसळला आणि काच कपाळाला लागायच्या आत झोपला.

बस थांबल्याच्या हिसक्याने त्याचे डोळे उघडले. काचेपलीकडे एका दुकानात छताला उलट्या टांगलेल्या सायकली होत्या. दुकानाच्या बाजूला बाहेरून चढणारा लोखंडी जिना. हे कुठलं गाव? आपण भलत्याच बसमध्ये चढलो, झोपेत शहराबाहेर आलो, असलं काहीबाही त्याच्या मनात येऊन गेलं. तोवर बस निघालीही होती. त्याने धडपडत बटण दाबलं, पुढच्या स्टॉपवर उतरला आणि मागे वळून रस्त्याकडे तोंड केलं, तर समोर पाण्याची टाकी. सायकलींचं दुकान होतं ते त्याच्याच घराच्या स्टॉपवर, जिथे उतरताच तो रोज मान खाली घालून घराची गल्ली धरायचा.

तो तिथेच बाकावर बसला. इतकी वर्षं त्याने हा रस्ता फक्त समोरच्या मोठ्या काचेतून पाहिला होता. टाकी, पूल, दुभागणारा रस्ता, सगळं ड्रायव्हरपुढे येतं. खिडकीशी बसणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं काहीच येत नाही, त्याला दिसतात पळणाऱ्या भिंती आणि लोकांची दुकानं. पोरगी पुस्तकातल्या जागी जायला उठली होती, आणि आपण तिला दंडाला धरून खाली बसवली. खरंच ती बस ती नव्हती. त्याला हसू फुटलं, पण ते हसू काही धड नव्हतं, आणि त्याने बाहीने डोळे पुसले.

घरी येऊन त्याने भिंगरीला सांगितलं की पुस्तक चुकलं होतं, तू नव्हतीस चुकलीस. ते तिने लगेच मान्य केलं.

नवं पुस्तक दोघांनी मिळून केलं. तिला बसमध्ये चढवायला मोठी लाडीगोडी लावावी लागली. शेवटी ती आली ती एका अटीवर, की या खेपेला जुनी वही घरी ठेवायची. ती खिडकीशी बसली, आणि ती बोट दाखवेल त्याचाच त्याने फोटो काढायचा असं ठरलं. त्याला वाटलं होतं ती मोठ्या खुणा निवडेल. तिने निवडली गॅलरीतली लाल बादली. मग जिन्यात झोपलेलं मांजर, ते मात्र त्याने कसंबसं रद्द करून घेतलं. सगळ्यात महत्त्वाचा होता शिंप्याच्या दुकानाच्या दारातला पुतळा, कोट घातलेला, मानेवर काही नसलेला. त्या पानावर तिने त्याच्याकडून लिहून घेतलं, 'डोकं नसलेला माणूस दिसला की मी उठते आणि बटण दाबते.' त्याच्या पुढचं पान लांब पिवळ्या भिंतीचं, आणि मग फाटक. परतीची पानं वेगळी केली, कारण परत येताना खिडकीत रस्त्याची दुसरी बाजू येते. हे आता ड्रायव्हरला कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

बसमध्ये तो आधी तिच्या शेजारी बसला, मग एक रांग मागे, मग अगदी शेवटी. ती जायला लागली. वसतिगृहाचं ठरवायला त्याने मोठ्या शाळेकडून आणखी थोडी मुदत मागून घेतली.

ती एकटी जायच्या दिवशी तो पहाटेच निघाला. त्याची गाडी शिंप्याच्या चौकातून आडवी जायची. तिची बस निघायच्या थोडं आधी तो चौकात सिग्नलला थांबला, सवयीने मान वळवली. दुकान बंद होतं. शटर खाली, पुतळा आत. नेमका आजच शिंप्याला दुकान बंद ठेवायचा मुहूर्त सापडला होता. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले, गाडीत माणसं खचाखच भरलेली. स्टिअरिंग सोडून जाणार कुठे?

शेवटच्या स्टॉपवर पोचल्यावर त्याने घरी फोन लावला. आत्या म्हणाली, बसवून दिली, खिडकीशी बसली, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. शाळेचा फोन लागेना. पुढची फेरी त्याने कशी केली ते त्याचं त्याला माहीत. पुतळा दिसणार नाही, म्हणजे ती उठणार नाही, बटण दाबणार नाही, मावशी स्टॉपवर उभी राहील आणि बस तिच्यासमोरून निघून जाईल. मग कुठल्यातरी शेवटच्या स्टॉपवर कुणीतरी तिला उतरा म्हणेल आणि ती कानांवर हात ठेवून खाली बसेल. फेरीच्या शेवटी शाळेचा फोन एकदाचा उचलला गेला. पलीकडून शांत आवाजात उत्तर आलं, आली ना, वर्गात आहे. ड्रायव्हरच्या जिवात जीव आला. गाडीच्या पायरीवर बसून तो घटाघट पाणी प्यायला आणि उरलेलं त्याने डोक्यावर ओतून घेतलं.

दुपारी तो तिला घ्यायला गेला. बसमध्ये ती खिडकीशी बसली, तो शेजारी. दिवसभराचा शीण आता एकदम अंगात उतरला होता, पापण्या जड झाल्या होत्या. तरीही त्याने विचारलं, सकाळी कसं झालं.

"दुकान बंद होतं," ती म्हणाली. "माणूस नव्हता."

"मग काय केलंस?"

"मग पुढचं पान. भिंत आली, मग उठले." तिने त्याच्याकडे जरा नवलानेच पाहिलं. "तू मधेच झोपतोस ना, तेव्हा करते तसं."

ड्रायव्हरला काही बोलायचं होतं, पण नेमकी जांभई आली. भिंगरी पुन्हा खिडकीकडे वळली.

"झोप तू," ती म्हणाली. "सायकली दिसल्या की उठवते."

आणि तो झोपला.