कोरी पानं

सासऱ्यांचं आणि सुनेचं एकाच गोष्टीवर एकमत होतं: समोरच्याला झाडातलं ओ की ठो कळत नाही. बाकी दोघांमधून विस्तव जात नव्हता.

डोंगरावरची निलगिरी सासऱ्यांनी हयात घालवून वाढवली होती, आणि पानं करपवणाऱ्या बुरशीने ती वरच्या उतारापासून खात आणली होती. सासऱ्यांचं म्हणणं, आपल्याच झपाट्याने वाढणाऱ्या झाडांतून टिकणारी रोपं निवडू. सून रोपपैदास शिकून आलेली. तिने त्याच झाडाचा एका खुरट्या, चिवट जातीशी संकर करून नवं वाण काढलं होतं. सासरे त्याला ‘सूनबाईंचं झुडूप’ म्हणत, तेही मजुरांसमोर. शेवटी ठरलं, दोघांचीही रोपं धुक्यासारखे तुषार सोडणाऱ्या दमट खोलीत ठेवायची, वर बुरशी फवारायची. जे टिकेल ते सगळ्या डोंगरावर लागेल. आणि सून हरली तर तिने हा नाद सोडून नवऱ्याबरोबर शहरात राहायला जायचं. ही अट नवऱ्याची. त्याला तिथे नोकरी लागली होती आणि घरातल्या रोजच्या भांडणाचा त्याला वीट आला होता.

निकालाच्या सकाळी तिघंही खोलीत शिरले. सासऱ्यांची रोपं तजेलदार, पानांवर डाग औषधालाही नाही. सुनेच्या रोपांवर बारीक तपकिरी ठिपके.

“झुडपाला देवी आल्या की,” सासरे म्हणाले.

“सामान बांधायला घे,” नवरा म्हणाला.

ती उकिडवी बसली. ठिपके कोरडे होते, पसरलेले नव्हते. बुरशी जिथे शिरली तिथलाच तेवढा भाग झाडाने स्वतःहून मारून टाकला होता आणि बुरशीची उपासमार केली होती. तिला हवं होतं ते हेच. मग तिने सासऱ्यांच्या रोपांकडे पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टिकणाऱ्या झाडाच्या अंगावरही झटापटीची खूण राहते. या पानांवर झटापट झालीच नव्हती.

“बाबा, कुणाच्या डोळ्यांत धूळ फेकताय? बुरशीच्या आधी यांच्यावर औषध मारलंय.”

“जीभ आवर.” सासऱ्यांनी एक पान खुडून उलटं केलं. शिरेलगत पांढुरका थर वाळला होता. त्यांनी तो अंगठ्याने खरवडला आणि त्यांचा चेहरा उतरला. “माझ्या झाडाला औषध लागतं असं मी मेलो तरी मानणार नाही. मी कशाला मारू?”

माणूस इतका गर्विष्ठ होता की लबाडी करणं त्याला अपमानाचं वाटलं असतं. तिला ते पटलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांचं काही तिला पटलं. दोघांनी एकदमच नवऱ्याकडे पाहिलं.

“तू जिंकली असतीस तर इथून हललीच नसतीस,” तो म्हणाला. “लग्न माझ्याशी केलंस आणि संसार या कुंड्यांशी.”

“हे तोंडावर सांगायचं होतंस.”

“सांगितलं होतं. दोनदा. तू फवारणीच्या नळीचं तोंड साफ करत होतीस.”

तिला ते आठवेना. आठवत नाही म्हणायचीही लाज वाटली, म्हणून ती त्याच्यावर आणखीच चिडली.

“नवी रोपं काढ,” सासरे तिला म्हणाले. मुलाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. “पुन्हा फवारू. दाराशी मी बसतो.”

“मीही बसते. तुमचा काय भरवसा?”

“तुझा तरी काय?”

“मी आज निघतोय,” नवरा म्हणाला. “येणार आहेस का?”

तिने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पायाशी कोवळी, ठिपक्यांची, जिवंत रोपं होती. जाऊ दे त्याला, असं तिच्या मनात आलं. ते इतकं सहज आलं की तिला स्वतःचीच भीती वाटली.