आठ जणांचं पीठ

लेक आपल्याशी फारच शहाण्यासारखी वागते, अशी तक्रार कुठला बाप करत असेल? मी करत होतो.

बायको लतिका आणि लेक ईश्वरी शारजात येऊन तीन आठवडे झाले होते. त्याआधीची पाच वर्षं मी इथल्याच रोला भागातल्या एका खोलीत सात जणांबरोबर काढली. घरून निघालो तेव्हा ईश्वरी एक वर्षाची होती, आता सहाची. वर्षाकाठी महिनाभर दिसणारा माणूस तिला बाप कसा वाटावा? ती माझ्याकडे काही मागायची नाही, रुसायची नाही, पाणी दिलं तरी ‘थँक यू’. आईच्या मात्र नाकी नऊ आणायची. माझं डोकं फिरायचं. मलाही छळ की जरा!

गुरुवारी तिने आईच्या कानात सांगितलं की वर्गातल्या पर्णिकाच्या डब्यात पॅनकेक होते. लतिकाने ते माझ्यापर्यंत पोचवलं, जणू मी मंत्रालयातला साहेब.

“उद्या मी करतो,” मी जाहीर केलं.

“तुम्ही?”

“रूमवर फ्रायडेच्या नाश्त्याची ड्यूटी माझीच होती, मॅडम.”

पोरीला मैदा द्यायचा नाही असा लतिकाचा हुकूम, म्हणून कणीक घेतली. सकाळी बेकिंग पावडर, साखर, चिमूटभर मीठ, अंडी, वितळलेलं लोणी, दूध सगळं घालून ढवळलं. मागे वळलो तर लतिका पातेल्याकडे बघत उभी.

“अहो, लग्न आहे का कुणाचं?”

पातेलं काठोकाठ भरलं होतं. रूमवरच्या माणशी एक पेला या हिशेबाने हात आपला आठ पेले कणीक घालून मोकळा झाला होता. माणसं तीन.

“कणीक दूध पिते, लागतं तेवढं,” मी उगाच गुरगुरलो. चूक कबूल करणं मला कधी जमलेलं नाही.

पहिला पॅनकेक तव्याला चिकटला, दुसरा एका बाजूने करपला. तो टाकून देणार, तोवर ईश्वरीने ताटली पुढे केली. सगळा खाल्ला, तोंड पुसलं आणि म्हणाली, “छान आहे. थँक यू.”

माझा जीव एवढासा झाला. आईने असला कोळसा वाढला असता तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. परक्याच्या घरीच माणूस असं मुकाट खातो.

मी गॅस बारीक केला, तवा पुसला, पीठ दुधाने सैल केलं. मग मात्र एकेक खरपूस, फुगलेला उतरू लागला. आमची तिघांची पोटं भरली तरी पातेलं अर्ध्याच्या वरच.

“रूमवाल्यांना बोलवा,” लतिका म्हणाली. “फुकट जाण्यापेक्षा बरं.”

फोन ठेवतो न ठेवतो तोच सातही जण हजर. सगळ्यांत पुढे गुणवंत, हमरियाच्या औद्योगिक भागात माझ्याच कंपनीत फोरमन. “यल्ला, चला लवकर, उल्हासभाऊ! तुम्ही गेलात आणि आमचा फ्रायडे खलास झाला.”

सगळे हॉलमध्ये जमिनीवर बसले. “भाऊ, इधर एक और!” “माझा जरा कडक!” हुकूम सुटत होते आणि मी जुन्या सवयीने, खुशीत पळत होतो. ईश्वरी दाराला टेकून उभी होती. एकदा त्यांच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे. तिच्या कपाळावर आठी पडली होती.

पातेलं रिकामं झालं. शेवटचा पॅनकेक सगळ्यांत देखणा उतरला. गुणवंतने ताट पुढे केलं, मी उलथनं तिकडे नेलं.

“नो!” ईश्वरीने धावत येऊन माझा शर्ट धरला. “दॅट्स माईन! बाबा, त्यांना नको ना देऊ! तू सगळे त्यांनाच देतोस!”

“ईशू!” लतिका ओरडली. “पाहुण्यांसमोर असं बोलतात?”

“तिला रागावू नकोस,” मी म्हणालो. खरं तर मला नाचावंसं वाटत होतं.

पॅनकेक तिच्या ताटलीत गेला. पोट भरलेलं असताना तिने एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. “मध कुठेय? बाबा, मध आण ना! आणि नेक्स्ट फ्रायडे हे अंकल नकोत.”

मी उलथनं हातात धरून तिच्याकडे बघतच राहिलो. गुणवंतची मुलगी जळगावला असते, ईश्वरीएवढीच. त्याने रिकामं ताट खाली ठेवलं आणि म्हणाला, “उल्हासभाऊ, बघत काय बसलात? मध आणा लवकर, मालकीणबाई चिडल्यात.”