मासळीविना एक दिवस

आमच्या घरी कोंबडी शिजते ती पाहुणा माशांना कंटाळला तर, आणि आमच्या दांडी गावात माशांना कंटाळणारा पाहुणा सहसा येत नाही. त्यामुळे माझ्या बायकोने, मंजुळेने, तंदुरी करायचं काढलं तेव्हा मी आधी हसलो. मग तिचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं.

आमची नात मेघाली पाच वर्षांची. गेल्या वर्षी आमच्याच ओटीवर बसून तिने सुकटीच्या चटणीचं बोट चाटलं आणि बघता बघता तिचे ओठ सुजले, श्वास अडकायला लागला. डॉक्टर म्हणाले, मासळीची अ‍ॅलर्जी आहे, कण पोटात गेला तरी धोका. जन्मभर बोट चालवलेल्या माणसाच्या नातीला मासळी चालत नाही, हे चारचौघांत सांगायची मला लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून स्वतःचाच राग येतो.

तेव्हापासून आमची लेक रुचिता माहेरी राहिलेली नाही. तिचं सासर सरावली काही परदेशात नाही, रिक्षाने यावं आणि जावं एवढं जवळ. पण मायलेकी भेटायच्या त्या बोईसरच्या बाजारात, उभ्या उभ्या. मंजुळेच्या डोक्यावर मासळीची पाटी, म्हणून नातीला ती लांबूनच हात करायची. पोरीने आजोळी राहावं, एवढंच तिचं मागणं होतं. खूप विनवण्या झाल्यावर रुचिता म्हणाली, "एक दिवस येते. तो नीट गेला तर दिवाळीला राहायला येऊ."

मंजुळेने घर डोक्यावर घेतलं. सुकी मासळी सगळी जावेकडे पाठवली. भिंती पुसल्या, ओटा घासघासून झिजवला. पातेलं नवं, सुरी नवी, पाट नवा. जुन्या जाळीवर आजवर बोंबील भाजलेले, म्हणून जाळीसुद्धा नवी.

मी म्हटलं, "आता नवरा पण नवा आणतेस काय?"

"बघितला बाजारात. नाय मिळाला," ती म्हणाली.

मेघालीने बापाबरोबर मनोरच्या ढाब्यावर तंदुरी खाल्ली होती आणि तेव्हापासून तिचा तोच एक हट्ट. ती कशी करायची ते रुचिताने फोनवर सांगितलं. दही फडक्यात टांगून घट्ट करायचं. तंगड्यांना खोल चिरा द्यायच्या. आधी मीठ, लिंबू आणि काश्मिरी मिरची चोळून ठेवायची, मग दही, आलं-लसूण, भाजलेलं बेसन, कसुरी मेथी, मोहरीचं तेल, आणि रात्रभर मुरवायचं. हे शेवटचं मंजुळेला पटेना. पापलेटला मीठ-हळद लावली की तवा तापेपर्यंत काम झालं, एवढाच तिचा धीर.

"रातभर? कोंबडी हाय का लोणचं?" ती म्हणाली. पण ठेवली.

नान आपल्याच्यानं होणार नाही असं तिने आधीच जाहीर केलं. तांदळाच्या भाकऱ्या केल्या, दह्यात पुदिना-कोथिंबीर वाटून चटणी केली, कांद्याच्या चकत्यांवर लिंबू पिळलं. माझ्याकडे विस्तव. अंगणात जुन्या घमेल्यात कोळसा आणि नारळाच्या करवंट्या पेटवून मी वारा घालत बसलो. ज्वाळा बसून निखारे लाल झाल्यावर तिने तंगड्या जाळीवर मांडल्या. हाडाजवळ सुरी खुपसून पाहिली, पाणी निवळ आलं तेव्हा वरून लोणी फिरवलं. वास असा सुटला की शेजारची माणसं विनाकारण अंगणातून ये-जा करायला लागली.

मेघाली पाटावर मांडी घालून बसली. एक तंगडी दोन्ही हातांनी धरून तिने खाल्ली आणि म्हणाली, "आजी, मनोरपेक्षा भारी." मंजुळेने डोळ्याला पदर लावला. मी दिवाळीच्या गोष्टी करायला लागलो होतो.

तेवढ्यात पोरगी मान खाजवायला लागली. रुचिताने हातातली भाकरी टाकली आणि तिचं तोंड वर केलं. ओठ सुजत होते. डॉक्टरांनी दिलेलं औषध रुचिताच्या पर्समध्येच होतं, ते तिने पाजलं, पण श्वासाला घरघर लागली होती. शेजारच्या कुंदनने रिक्षा काढली. बोईसरपर्यंतच्या रस्त्यात मी काही करू शकलो नाही. समुद्रात वादळ आलं तर निदान सुकाणू तरी हातात असतं.

दवाखान्यात इंजेक्शन दिलं, नाकाला ऑक्सिजन लावला. संध्याकाळ व्हायला लागली तेव्हा पोरीचा श्वास सरळ झाला. रात्रीपुरतं इथेच राहू द्या, डॉक्टर म्हणाले. रुचिता बाहेर बाकड्यावर येऊन बसली.

"आई, काय काय वापरलंस?"

"पातेलं नवं," मंजुळा सांगायला लागली. "सुरी नवी. जाळी नवी. मसाला दुकानातून पुडीतला आणला. दही विकतचं. मीठ..."

आणि ती थांबली.

मिठाची बरणी चुलीजवळची, नेहमीची. मासळी साफ करता करता त्याच ओल्या हाताने बरणीत हात घालायचा, मूठ काढायची आणि मासळीला लावायची, ही तिची लग्न होऊन आली तेव्हापासूनची रीत. आमच्याकडे सगळ्या बायकांची हीच रीत. सगळं घर धुतलं, पण मीठ धुवायचं असतं हे कोणाला सुचणार? मलाही सुचलं नसतं.

"मीठ पण नवं आणते," मंजुळा म्हणाली. "दिवाळीला..."

"मीठ आणशील," रुचिता म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "शेजारी काकीचे बोंबील वाळतात, त्याचं काय करशील?"

"मी पाटी सोडते. धंदाच नाय करत."

मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाटी सोडली तरी गाव तेच, वारा तोच, आणि पाटीवाचून आमची चूल पेटत नाही हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. रुचिता नुसती म्हणाली, "नको आई. तुमीच येत जा आमच्याकडं."

आम्ही आत गेलो तेव्हा मेघाली जागी झाली होती. नळी काढलेली, चेहऱ्यावरची सूज उतरत आलेली. आजीला पाहून तिने दोन्ही हात वर केले.

"आजी, उचल."

मंजुळा चटकन पुढे झाली आणि खाटेपाशी थबकली. स्वतःचे हात पाहिले. सकाळपासून तिने ते किती वेळा साबणाने धुतले होते. तिने रुचिताकडे पाहिलं. मीही पाहिलं. रुचिताने 'घे' म्हणावं म्हणून मी मनात देव आठवले. तिचे डोळे भरले होते, पण ती म्हणाली नाही.

मंजुळेने हात पदराखाली घेतले.

"आजीचं हात दुखतात गो," ती म्हणाली.

मेघालीने तरी हात खाली केले नाहीत. शेवटी रुचिताने तिला उचललं.